‘ते तर आपलं घरचंच’ : सर्वोत्तम अल्बमच्या यादीत भीमगीत का नसतं?



डिसेंबर महिन्यात दोन गोष्टी एकाच वेळी होतात. वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर वर्षातल्या, दशकातल्या, नाहीतर थेट ‘आजवरच्या’ सर्वोत्तम अल्बमच्या याद्या यायला लागतात. आणि त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दादरला शिवाजी पार्कवर गाण्यांचे स्टॉल लागतात. पूर्वी कॅसेटचे लागायचे, मग सीडीचे, आता पेनड्राइव्हचे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं सगळेच धरून चालतात. डहाणू लोकलनं बोईसरहून दादरला जाणारा माणूस ती यादी वाचत नाही, आणि यादी करणारा माणूस ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर येत नाही. आलाच तर गर्दीची आणि कचऱ्याची बातमी करायला येतो.

मीसुद्धा बरीच वर्षं हा संबंध लावला नव्हता. तो लावावा लागला मासवणला.

मासवणला आम्ही काही जण महिन्यातून एकदा बसतो. बौद्ध घरांतली मुलं-मुली असतात, वारली असतात, एक-दोन कुणबी घरांतलीही असतात. बहुतेक जण पालघरला कॉलेजला जाणारे, काही तारापूर एमआयडीसीत कंत्राटावर लागलेले. कधी संविधानाचं एखादं कलम घेतो, कधी एखादं पुस्तक. त्या रविवारी मी सहज म्हटलं, आज चर्चा नको, एक चिठ्ठी लिहा. मराठीतले तुमच्या मते सर्वोत्तम पाच अल्बम. कॅसेट, सीडी, सिनेमाची गाणी, काहीही चालेल. नाव लिहू नका.

चिठ्ठ्या उघडल्या. ‘सैराट’ जवळजवळ प्रत्येकात. ‘नटरंग’ बऱ्याच जणांत. ‘गारवा’ दोघांत. अभंगवाणी काहींत. तिघांनी ‘गीतरामायण’ लिहिलं होतं, त्यातल्या एकीनं नंतर कबूल केलं की तिनं ते सलग कधी ऐकलेलंच नाही, पण ‘सर्वोत्तम’ म्हटल्यावर ते लिहायचं असतं. भीमगीतांची एकही कॅसेट एकाही चिठ्ठीत नाही. तारपा तर नाहीच नाही.

आणि ही सगळी तीच पोरं, ज्यांच्या घरी १४ एप्रिलला पहाटेपासून गाणी लागतात. ज्या मुलाच्या फोनची रिंगटोनच भीमगीत आहे, त्याला मी विचारलं, तुझ्या चिठ्ठीत का नाही रे? तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, “ताई, तुम्ही अल्बम विचारलेत ना. ते तर आपलं घरचंच.” एक वारली मुलगी हसली. म्हणाली, “तारपाचा काय अल्बम असतो का?”

समीक्षकांच्या पक्षपातावर आपण पुष्कळ बोलतो. पण तो पक्षपात मासवणला पोचलाय, आणि तोही आपल्याच पोरांच्या हस्ताक्षरात, हे मला त्या दिवशी कळलं. एम.ए.ला असताना बोर्द्यू वाचला होता. माणसाची आवड ही त्याची खासगी गोष्ट नसते, समाजात तो कुठे उभा आहे हे ती सांगते, असं काहीसं परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. चिठ्ठ्या हातात धरून बसल्यावर ते खरं समजलं. वर्चस्व म्हणजे कोणी येऊन तुमचं गाणं बंद पाडणं एवढंच नसतं. ‘चांगलं संगीत सांगा’ म्हटल्यावर तुमचं गाणं तुम्हालाच न आठवणं, हेही वर्चस्वच.

आता या याद्या बनतात कशा ते बघू. जगातली सगळ्यात गाजलेली यादी अमेरिकेतल्या ‘रोलिंग स्टोन’ मासिकाची, आजवरच्या ५०० श्रेष्ठ अल्बमची. ती २००३ मध्ये पहिल्यांदा आली. पहिल्या दहात चार अल्बम एकट्या बीटल्सचे होते. कृष्णवर्णीय कलावंताचा एकच, मार्विन गे याचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’, आणि तोही सहाव्या क्रमांकावर. पहिल्या दहात एकाही गायिकेचा अल्बम नव्हता. २०२० मध्ये मासिकानं नव्यानं मतदान घेतलं, मत देणारे बदलले, त्यात कलावंत आणि निर्मातेही मोठ्या संख्येनं घेतले. झालं काय? तोच ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पहिल्या क्रमांकावर आला. पहिल्या दहात स्टीव्ही वंडर, प्रिन्स, लॉरिन हिल आले, जोनी मिचेल तिसरी आली. हे सगळे अल्बम २००३ मध्येही उपलब्ध होते. मार्विन गेचा तर १९७१ चा. सतरा वर्षांत त्या रेकॉर्डमधला एक सूरही बदलला नव्हता, बदलले होते ते मत देणारे.

आणि ज्यानं हे मासिक १९६७ मध्ये सुरू करून पन्नास वर्षं चालवलं, त्या यान वेनरनं २०२३ मध्ये रॉक संगीताच्या ‘श्रेष्ठां’च्या मुलाखतींचं पुस्तक काढलं. त्यात सातच्या सात गोरे पुरुष. बायका आणि कृष्णवर्णीय कलावंत का नाहीत असं विचारल्यावर, त्या पातळीवर त्यांना आपलं म्हणणं नीट मांडता येत नाही अशा अर्थाचं उत्तर त्यानं दिलं. लगेचच ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’च्या संचालक मंडळातून त्याला काढलं. ‘गुणवत्ता’ या शब्दामागे इतकी वर्षं काय बसलं होतं ते त्याच्याच तोंडून बाहेर आलं. आपल्याकडे असं कोणी मोकळेपणानं बोलतही नाही. इथे नुसतं मौन असतं.

त्याच वर्षी जानेवारीत ‘रोलिंग स्टोन’नं २०० श्रेष्ठ गायकांची यादी केली. लताबाई ८४ व्या क्रमांकावर होत्या. ८४ वाच का, म्हणून आपल्याकडे किती हळहळ! हळहळ रास्तच होती. अमेरिकेतल्या लोकांना आमचं संगीत कळत नाही, तरी ते क्रमांक लावतात, हा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे. पण हाच आक्षेप बोईसरच्या वस्तीतल्या माणसानं पुण्या-मुंबईच्या समीक्षकावर घेतला, की तो ‘जातीयवादी’ ठरतो. हे कसं?

भारतातलं उदाहरण हवं असेल तर अरिवूचं घ्या. २०२१ मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ देशभर वाजलं. आपल्या १४ एप्रिलच्या मिरवणुकांतही पोचलं. शब्द अरिवूचे. त्याच्या आजीच्या आयुष्यातून आलेले, सिलोनच्या चहामळ्यांत राबून परत आलेल्या भूमिहीन माणसांचे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर या गाण्याची गायिका धी आली, तिच्याबरोबर आणखी एक गायक आला, अरिवू नव्हता. पा. रंजित जाहीरपणे बोलले, लोक भडकले, मग मासिकानं अरिवूवर वेगळं डिजिटल मुखपृष्ठ काढलं. जो आवाज चढवतो त्याला नंतर पुरवणीत जागा मिळते, असा हा हिशेब. पण अरिवूच्या बाजूनं बोलायला रंजित होते. आपल्या गावच्या शाहिराच्या बाजूनं कोण आहे?

आता मराठीकडे येऊ. इथे यादी छापायच्या आधीपासूनच पक्की झालेली असते. भावगीत, नाट्यगीत, अभंग, मग सिनेमा, आणि शेवटी चवीपुरती एखादी लावणी किंवा कोळीगीत. हा क्रम काही आकाशातून पडला नाही. तो बनवण्यात आकाशवाणीचा मोठा हात आहे. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. वर्षभर, छप्पन्न गाणी, आठवड्यामागून आठवडा सरकारी प्रक्षेपणातून घराघरांत. मला ‘गीतरामायण’ आवडतं, हे आधीच सांगून टाकते. सुधीर फडक्यांच्या चाली आणि गदिमांची भाषा नाकारायला मी बसलेली नाही. पण त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरला लाखो माणसांनी धर्म बदलला. तो बदल खेड्याखेड्यांत समजावून सांगण्याचं काम गाण्यानं केलं. एका बाजूला प्रक्षेपण केंद्र, दुसऱ्या बाजूला खांद्यावर ढोलकी आणि पायी चाललेली पार्टी. पन्नास वर्षांनी दोघांचं मूल्यमापन करताना कोणाचं ध्वनिमुद्रण हाताशी असणार?

आणखी एक गोष्ट. १९४० ते १९७१, एकतीस वर्षं, आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. ते परदेशी वाद्य आहे, त्यातून आपल्या श्रुती निघत नाहीत, असं कारण. ती बंदी आपल्याविरुद्ध केलेली नव्हती, उगाच तसं म्हणू नये. पण जलसा असो की कव्वाली, आपलं सगळं गाणं पेटीवर उभं. आंबेडकरी जलशांचा मोठा काळ आणि वामनदादांची उमेदीची वर्षं याच बंदीत गेली. ज्यांनी नियम केला त्यांना आपण आठवलोही नसू. कोणाला बाहेर ठेवायचं म्हणून नियम करावाच लागत नाही, आपल्याला जे शुद्ध वाटतं तोच नियम केला की बाकीचे आपोआप बाहेर.

‘पण भीमगीतं प्रचारकी असतात’, हा ठरलेला आक्षेप. मला तो समजतच नाही. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ व्हिएतनामच्या युद्धावर आणि पोलिसांच्या मारहाणीवर आहे, तो जगातला पहिला अल्बम ठरतो. रामाची गोष्ट छप्पन्न गाण्यांत सांगितली तर ती कला, आणि भीमाची गोष्ट पाच गाण्यांत सांगितली तर प्रचार? देव आला की भक्ती, माणूस आला की प्रचार, अशी ही विभागणी आहे. दुसरा आक्षेप चालींचा. सिनेमाच्या चाली उचलतात म्हणे. उचलतात, खरं आहे. मग मराठी संगीत नाटकाचं काय? १८८२ च्या ‘सौभद्रा’त लावणीच्या, कीर्तनाच्या, कानडी पदांच्या चाली आहेत. १९११ च्या ‘मानापमाना’त ठुमरी-कजरीच्या चाली आल्या, कोठ्यांवर गाणाऱ्या बायकांनी घडवलेल्या. तिथे त्याला ‘रागदारीचा संस्कार’ म्हणतात. आपल्या शाहिरानं लोकांच्या ओठांवर आधीच असलेली चाल घेतली, कारण रात्री ऐकलेलं गाणं निरक्षर बाईला सकाळी शेतात म्हणता आलं पाहिजे. ते एक तंत्र आहे, त्यामागे विचार आहे, आणि त्याचा अभ्यास करता येतो. शर्मिला रेगे यांनी चैत्यभूमी-दीक्षाभूमीवर विकल्या जाणाऱ्या पुस्तिका आणि कॅसेटकडे ज्ञान म्हणून पाहिलं. संगीताचे समीक्षक अजून तिथवर आलेले नाहीत.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त बोचतं ते प्रल्हाद शिंदे यांचं प्रकरण. आषाढी आली की त्यांचा आवाज महाराष्ट्रातल्या प्रत्येक चौकात असतो. विठ्ठलाची गाणी त्यांच्याशिवाय पुरी होत नाहीत, सोवळ्यातल्या घरांतही वाजतात. म्हणजे गळ्याला विटाळ नाही. पण त्याच गळ्यातून आलेली भीमगीतं, त्याच गळ्यातल्या कव्वाल्या? त्या ‘विशिष्ट समाजाच्या’. एकाच माणसाचं निम्मं काम सगळ्यांचं आणि निम्मं फक्त आपलं. आनंद आणि मिलिंद शिंदे यांच्या ‘नवीन पोपट’नं ऐंशीच्या दशकात कॅसेटचा बाजार हलवला, गणपतीच्या मांडवातसुद्धा तो वाजला, पण त्याची नोंद झाली ती ‘सवंग’ म्हणून. विठ्ठल उमप २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात कोसळले आणि गेले. त्यांची ओळख करून देताना ‘लोककलावंत’ हा शब्द पुरेसा मानला गेला. ‘लोककलावंत’ म्हटलं की आदरही होतो आणि संगीतकारांच्या पंगतीत पानही मांडावं लागत नाही.

समीक्षकांची यादी नाही तर नाही, एका यादीत मात्र आपले कलावंत नक्की असतात. कबीर कला मंचाची शीतल साठे २ एप्रिल २०१३ ला विधान भवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाली तेव्हा ती गरोदर होती. २०२० मध्ये त्याच मंचाच्या तिघांना अटक झाली. विलास घोगरे यांनी १९९७ मध्ये रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर गळफास घेतला. त्यांच्यासारखा गायक होता हे पुष्कळांना कळलं ते आनंद पटवर्धन यांच्या ‘जयभीम कॉम्रेड’मुळे, म्हणजे गाण्यावर लिहिणाऱ्यांकडून नाही, माहितीपट करणाऱ्याकडून. पोलिसांना आपल्या गाण्याचं वजन समजतं, समीक्षकाला समजत नाही, असं थोडं कडवटपणे म्हणावंसं वाटतं.

मासवणला हे सगळं बोलून झाल्यावर एक मुलगा उठला. बोईसरच्या कारखान्यात रात्रपाळी करून तसाच आला होता. म्हणाला, “ताई, त्यांच्या यादीत जायचंय कशाला? आपण काय भीक मागतोय का? आपली यादी आपण करू.” टाळ्या पडल्या. मीही वाजवली. पण मला ते अर्धंच पटतं, आणि का ते सांगते.

बोईसरच्या एका वस्तीत एक वयस्कर गायक राहतात. परभणीकडून आले, कापड रंगवायच्या कारखान्यात राबले, आणि तीस वर्षं कव्वालीच्या पार्टीत ढोलकी वाजवली, कोरस धरला, वेळ पडली तर पुढचा माईकही घेतला. आता हात थरथरतात. राज्य सरकारची वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची योजना आहे, आता महिना ५,००० रुपये मिळतात. मी त्यांचा अर्ज भरला. अर्जासोबत कलेतल्या कामाचे पुरावे लागतात. कार्यालयात विचारलं, कात्रणं आहेत का? प्रमाणपत्रं? आमच्याकडे काय होतं, तर एक कॅसेट. तिच्या आतल्या कागदावर कंपनीचं नाव ठळक, मुख्य गायकाचा फोटो, आणि खाली बारीक अक्षरात ‘आणि साथीदार’. ‘साथीदार म्हणजे हेच कशावरून?’ असं विचारलं गेलं. विचारणारा माणूस वाईट नव्हता. त्याच्या खुर्चीवरून प्रश्न रास्तच होता. त्यांच्या पार्टीनं गावोगाव रात्रभर मुकाबले केले, समोरच्या पार्टीनं सवाल टाकायचा, यांनी जागच्या जागी जवाब बांधायचा, पहाट होईपर्यंत. हजारो माणसांनी ते ऐकलं. पण एकाही पत्रकारानं त्यावर चार ओळी लिहिल्या नाहीत, त्यामुळे ते झालंच नाही. या योजनेत पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक असे अ, ब, क वर्गही होते. ज्यांच्यावर कोणी लिहिलंच नाही, ते कुठल्या वर्गात बसणार हे सांगायला नको.

म्हणून म्हणते, यादी म्हणजे नुसता मान नाही. ज्यांची नावं लिहिली जातात त्यांचं संग्रहात जतन होतं, विद्यापीठात प्रबंध होतो, मोबाइलवर ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून त्यांचंच गाणं पुढे येतं, आणि म्हातारपणी कात्रणं सापडतात. त्या मुलाच्या स्वाभिमानाला माझा सलाम आहे, पण ५,००० रुपयांचा प्रश्न नुसत्या स्वाभिमानानं सुटत नाही.

आणि ‘आपली यादी’ म्हणजे तरी कोणाची? इथे आपल्या घरातलं थोडं बोलावं लागेल. राग येईल काहींना. आपल्याकडे गाण्याचा सत्कार होतो, समीक्षा होत नाही. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, ‘बुलंद आवाजाचे धनी’ झालं. १४ एप्रिलच्या तोंडावर घाईघाईत शंभर गाणी येतात, तोच कीबोर्डचा ठेका, तेच चार शब्द. त्यातलं चांगलं कोणतं आणि टाकाऊ कोणतं, हे आपण कधी लिहितो? लिहिलं तर चळवळीशी द्रोह वाटतो. मग बाहेरचा समीक्षक सगळ्यालाच टाकाऊ म्हणतो तेव्हा आपल्याकडे उत्तर नसतं. सगळीच भीमगीतं महान आहेत असा दावा मी करणार नाही. वामनदादा देशवंडीत जन्मले, मुंबईत गिरणीत राबले, मोठेपणी अक्षरं शिकले आणि हजारो गाणी लिहून गेले. त्यांचं गाणं आणि कालच्या ‘डीजे मिक्स’मधलं गाणं एकाच मापानं मोजलं तर अपमान वामनदादांचाच होतो.

आपल्या यादीत बायका किती असतील? सुषमादेवी, वैशाली शिंदे ही नावं आजच्या पोरांना विचारा. एकतारी घेऊन गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाइलमुळे घराघरांत पोचल्या, कोणा संयोजकामुळे नाही. आणि मागं गेलं तर पवळा. पठ्ठे बापूराव हे नाव प्रत्येक लावणीप्रेमी घेतो. ते कुलकर्णी, ती महार. फडावर लोक पवळाला ऐकायला-बघायला यायचे, पण इतिहासात बापूराव शाहीर झाले आणि पवळा त्यांच्या गोष्टीतलं एक पात्र. तमाशातल्या पैशाची देणगी बाबासाहेबांनी नाकारली असं सांगतात, कारण तो आपल्या बायकांच्या विटंबनेचा पैसा. ती भूमिका मला समजते. पण पुढे आपण त्या बायकांची कलाच नाकारून मोकळे झालो. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या स्त्रियांवर २०२२ मध्ये इंग्रजीत मोठं पुस्तक लिहिलं. मराठीत आपण त्यावर किती वाद घातला? माझ्या माहितीत तरी फार नाही.

आणि तारपा. पालघर जिल्ह्यात राहून तो विसरायचा म्हणजे कमालच. तारपा नाचाचं चित्र, मधोमध वाजवणारा आणि भोवती गोल फिरणारी माणसं, आज सरकारी भिंतींवर, चादरींवर, चहाच्या मगांवर आहे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, चित्रं जगभर गेली. चित्र गेलं, आवाज राहिला. सुकवलेल्या दुधीचा, बांबूचा, ताडाच्या पानाचा तो तारपा कसा वाजतो हे त्या मगातून चहा पिणाऱ्याला ठाऊक नाही. मासवणला सूर्या नदीतून पाणी उचलतात, ते धुकटणला शुद्ध होतं आणि वसई-विरारच्या नळाला जातं, नळ सोडणाऱ्याला मासवण कुठे आहे ते माहीत नसतं. तसंच काहीसं. पण आपण तरी कुठे वेगळे? आपल्या जयंतीच्या मंचावर तारपावाल्याला बोलावतो ते पाहुण्यांच्या स्वागताला, गेटपासून मंचापर्यंत. मंचावर चढवत नाही. त्या वारली मुलीनं ‘तारपाचा काय अल्बम असतो का’ असं म्हटलं, त्यात आपलाही वाटा आहे.

खरं तर तिचा प्रश्न माझ्या सगळ्या मांडणीपेक्षा चांगला होता. अल्बम हे मापच मुळात रेकॉर्ड कंपनीचं. आठ-दहा गाणी, दोन बाजू, वर कव्हर. रात्रभराचा मुकाबला त्यात मावत नाही, पेरणी-कापणीच्या हिशेबानं वाजणारा तारपा मावत नाही, जलशातली बतावणी मावत नाही. त्यामुळे उद्या एखाद्या मोठ्या दैनिकानं आपली एक कॅसेट विसाव्या क्रमांकावर घेतली तरी काम झालं असं नाही. यादी कशाची करायची, हाच वाद आधी घालावा लागेल. अल्बमसोबत कार्यक्रम, पार्ट्या, एखाद्या वस्तीतली एखादी रात्र यांच्या नोंदी का नकोत?

आम्ही मासवणला सध्या एक छोटं काम घेतलं आहे. प्रत्येकानं घरातली एक जुनी कॅसेट आणायची आणि एक पान भरायचं. गायक कोण, कवी कोण, ढोलकी-पेटीवर कोण, कंपनी कोणती, कुठे विकत घेतली, घरात कोण ऐकायचं. वारली मुलं तारपा बनवणाऱ्यांची आणि वाजवणाऱ्यांची पानं भरताहेत, त्यांच्याकडे कॅसेट नाही तर गाव आणि वर्ष लिहायचं. नव्यानं लिहिणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगते की २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्याच्याकडून लिहून घेता येत नाही. गाणं स्टुडिओत देताना काय सही करताय ते वाचा, गीतकार-संगीतकारांच्या हक्क संस्थेत नाव नोंदवा. पाच हजारांत गाणं विकून टाकायची पद्धत आपल्या आधीच्या पिढीनं मजबुरीत पाळली. आता तेवढी मजबुरी नाही.

पहिल्याच खेपेला अडलो ते कवीच्या रकान्यात. कॅसेटवर कवीचं नाव बहुतेक वेळा नसतंच. तेव्हा त्या ढोलकीवाल्या काकांनी युक्ती सांगितली. शेवटचा अंतरा ऐका म्हणाले. जुने कवी शेवटच्या अंतऱ्यात स्वतःचं नाव गुंफायचे, वामनदादांच्या गाण्यात ‘वामन’ येतो तसं. कव्हरवर कोणी छापणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डीजेवाले मिक्स करताना गाणं लांबतं म्हणून नेमका शेवटचा अंतरा कापतात, हे तेव्हा आमच्या रिंगटोनवाल्या मुलाच्या लक्षात आलं. त्यानं फोन काढला, मिक्स लावलं. नाव नव्हतं. मग वडिलांची मूळ कॅसेट लावली. फीत जागोजागी चिकटलेली, पेन्सिलीनं फिरवून सोडवावी लागली. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात, अगदी शेवटी, नाव आलं. आमच्यापैकी कोणालाच माहीत नसलेलं. काका मात्र ओळखीचं हसले. म्हणाले, “हा आमच्या पार्टीसोबत यायचा. पोस्टकार्डावर गाणी लिहून पाठवायचा.” त्याचं गाव कोणतं, घरी कोणी आहे का, तेवढं आता शोधायचं आहे. परभणी-जिंतूर भागातल्या कोणा वाचकाला वडील किंवा आजोबा पोस्टकार्डावर गाणी लिहायचे असं आठवत असेल, तर जरूर कळवा.

जयभीम.